व्हॅक्यूम क्लीनरमध्ये सव्वाशे वर्षांत खरं सुधारलं काय?

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या घरी पंधरा वर्षांपूर्वीचा, कापडी पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. मुलाला धुळीची ॲलर्जी आहे आणि घरासमोरचा रस्ता खोदून ठेवलाय. नवीन मशीन बघायला गेल्या, तर सेल्समनने वॅट, पास्कल, सायक्लोन, हेपा, लेझर असं इतकं ऐकवलं की त्या काहीच न घेता परत आल्या. त्यांचं म्हणणं, या यंत्रात खरोखर महत्त्वाच्या सुधारणा कोणत्या झाल्या आणि त्यातल्या कशासाठी पैसे मोजावेत?

ताई, मी नाशिकमध्ये सातपूरला अठ्ठावीस वर्षं हीच मशीनं उघडतोय. घरातली, लॉजमधली, कारखान्यातली. मी मशीन विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, तेव्हा कुठलं खपावं यात माझा काही फायदा-तोटा नाही. उत्तर लांबेल, पण तुम्ही विचारलंयच तर सगळं सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धूळ ओढायचं काम १९०१ सालीच जमलं होतं. नंतर ज्या कामाच्या सुधारणा झाल्या, त्या जवळजवळ सगळ्या ओढलेल्या धुळीचं पुढे करायचं काय, याबद्दलच्या आहेत. ती मोटरमध्ये जाऊ नये, हवेची वाट अडवू नये आणि मागच्या जाळीतून परत खोलीत येऊ नये. यातली सगळ्यात मोठी सुधारणा कोणती विचाराल, तर मी एका रबरी पट्टीकडे बोट दाखवीन. तिच्याकडे पुढे येतोच.

१९०१ची गोष्ट थोडक्यात. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने लंडनमध्ये एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते हवा फुंकून धूळ उडवायचं. उडालेली धूळ थोड्या वेळाने पुन्हा तिथेच बसणार, हे कळायला इंजिनिअर असायची गरज नाही. झटकणीने शोकेस झटकणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असतं. बूथने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून हवा आत ओढली आणि रुमाल उलटा करून बघितला. खालच्या बाजूला काळा डाग उमटला होता. म्हणजे हवा ओढायची आणि वाटेत कापड आडवं धरायचं. बाकी सगळं त्यानंतरचं. त्याचं पहिलं मशीन घोडागाडीवर असायचं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि खिडकीतून लांबलचक पाइप घरात जायचे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने असेच साफ केले.

ते घरात आणलं अमेरिकेतल्या एका सफाई कामगाराने. ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. झाडूने उडणारी धूळ त्याला सोसवेना, म्हणून पंख्याची छोटी मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा असं जोडून त्याने मशीन बनवलं आणि १९०८ साली पेटंट घेतलं. पुढे विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं आणि बाकीचं जग हूवरचं नाव शिकलं. मला मात्र दम्याचाच तपशील लक्षात राहतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जन्मालाच आला श्वासाच्या त्रासातून. तुमच्या मुलाचा प्रश्न या यंत्राला नवा नाही.

आता जरा यंत्र समजून घेऊ, नाहीतर सेल्समनचे आकडे डोक्यावरून जातील. मशीन धूळ ‘ओढतं’ असं आपण म्हणतो. खरं तर पंखा आतली हवा मागे फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा ती जागा भरायला आत घुसते. घुसताना कचरा घेऊन येते. त्यामुळे दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे दाबातला फरक, तो किलोपास्कलमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे हवेचा ओघ, सेकंदाला किती लिटर. पाइपाचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करा, दाबाचा फरक सगळ्यात जास्त, ओघ शून्य. तोंड मोकळं सोडा, ओघ भरपूर, दाबाचा फरक जवळपास नाही. काम होतं ते मधल्या स्थितीत. किलोपास्कल गुणिले लिटर प्रतिसेकंद केलं की वॅट मिळतात. त्याला एअरवॅट म्हणतात. १० किलोपास्कल आणि २० लिटर म्हणजे २०० एअरवॅट. खोक्यावर छापलेले १२०० किंवा १६०० वॅट हे मशीन भिंतीतून किती वीज घेतं त्याचे आहेत. त्यातला बराच भाग उष्णता आणि आवाज होऊन जातो.

सेल्समन तुमचा तळहात पाइपाच्या तोंडावर ठेवून ‘बघा मॅडम, काय पॉवर आहे’ म्हणतो ना, तेव्हा तो फक्त बंद तोंडाचा दाब दाखवत असतो. त्या क्षणी मशीन एक कणही साफ करत नसतं.

गंमत म्हणून सांगतो, समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, आणि आपलं नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून इथे तो ९४-९५च्या घरात. हवाच पातळ असल्यामुळे तेच मशीन मुंबईत इथल्यापेक्षा किंचित जोरात चालतं. घरात हा फरक कळणार नाही, पण मुंबईहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं. त्यांच्या मशीनचा फिल्टर चोंदलेला होता, ते वेगळं.

चोंदण्यावरून आठवलं. दर महिन्याला कोणीतरी येऊन सांगतंच, ‘आवाज वाढलाय, म्हणजे जोरात ओढत असेल, पण कचरा उचलत नाही.’ फिल्टर किंवा पिशवी भरली की पंख्याला फेकायला हवाच कमी मिळते, मोटरवरचा भार हलका होतो आणि ती आणखी वेगाने फिरते. आवाज चिरका होतो. माणसाला वाटतं ताकद वाढली. तिकडे मोटरला थंड करणारी हवाच बंद झालेली असते. साध्या मशीनमध्ये जी हवा कचरा आणते, तीच पिशवीतून गाळून मोटरवरून जाते आणि मोटरला गार ठेवते. वेगळी सोय नसते. म्हणून चिरका आवाज आला की बटण बंद करायचं आणि पिशवी बघायची. आता बऱ्याच मशीनांत गरम झालं की आपोआप बंद पडणारा कट-आउट असतो. लोक त्याला बिघाड समजून मशीन घेऊन येतात. मी फिल्टर झटकून, मोटर गार झाल्यावर तसंच परत देतो आणि काही घेत नाही. लहानशी गोष्ट आहे, पण तिने किती मोटरी वाचवल्या याची गणती नाही.

घरगुती आणि मोठ्या मशीनमधला खरा फरक इथेच आहे. ड्रमवाल्या, ओला-कोरडा दोन्ही कचरा उचलणाऱ्या मशीनमध्ये मोटर थंड करायला वेगळा छोटा पंखा असतो आणि त्याची हवा वेगळ्या वाटेने येते. कचऱ्याची हवा मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांना, शिवतच नाही. आम्ही तिला बायपास मोटर म्हणतो. ड्रममध्ये एक तरंगणारा गोळाही असतो. पाणी वर चढलं की तो वाट बंद करतो आणि पाणी मोटरमध्ये जात नाही. जाहिरातीत हे दोन्ही कधी येत नाही. पण घरात काम काढलं आणि टाइल्स कापल्याची पांढरी पूड घरच्या साध्या मशीनने ओढली, तर काय होतं ते माझ्या टेबलावर येऊन बघा. गेल्या वर्षी एक मशीन आलं होतं. उघडलं तर आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, पिठाचा हात फिरवल्यासारखा थर. त्या भागाला वीज पोचवणाऱ्या कड्याच्या, म्हणजे कम्युटेटरच्या, तांब्यावर जिथे कार्बनचा तुकडा (कार्बन ब्रश) घासतो तिथे नखाला लागेल एवढी खाच पडलेली. बेअरिंग हाताने फिरवलं की वाळूत पाय फिरवल्यासारखी करकर. सिमेंटची पूड कापडी पिशवीतून सरळ पार गेली होती. पिशवी बाहेरून मात्र अगदी धड. काम काढलं की ड्रमचं मशीन भाड्याने आणा, तुमचं कपाटात ठेवा.

याहून वाईट एकदा पाहिलं. दिंडोरीकडचे एक बागायतदार पिवळंधमक मशीन घेऊन आले. भुरी या बुरशीच्या रोगासाठी बागेत धुरळणी करायला आणलेलं गंधक गोदामात सांडलं होतं, ते त्यांनी घरच्या व्हॅक्यूमने ‘स्वच्छ’ केलं. गंधकाची उडती भुकटी पेट घेते, बंद जागेत स्फोटही होतो. आणि या मोटरमध्ये कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासताना सतत ठिणग्या पडत असतात. मशीन अंधारात उघडं चालवलं तर निळ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. त्या दिवशी त्यांचं नशीब चांगलं. काही नवीन मशीनांत कार्बनच नसतो, तरी तीही यासाठी चालत नाहीत, कारण प्लास्टिकच्या पाइपातून कोरडी भुकटी घासत गेली की स्थिर वीज तयार होते. निफाडकडे थंडीचा पारा खाली आला आणि हवा कोरडी पडली की तुम्हाला घरीच पाइपाचा बारीक चटका बसेल. गंधक, बारूद, पिठाची गिरणी यांना वेगळी औद्योगिक मशीनं असतात. घरचं तिथे नेऊ नका.

आता त्या रबरी पट्टीकडे.

हेपा फिल्टरचं नाव तुम्ही ऐकलंत. तो १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडवायला बनला. ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९९.९७ टक्के कण तो अडवतो, अशी त्याची अमेरिकी व्याख्या. ०.३ हाच आकार का? कारण याच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड. मोठे कण तंतूंवर आपटून अडकतात. फारच बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला चिकटतात. मधले दोन्हीतून निसटू बघतात. म्हणजे फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही, तो काटेरी कुंपणाच्या जाळीसारखा आहे. ॲलर्जी असलेल्या घरात याचा उपयोग नक्की आहे. कारण जुन्या कापडी पिशवीत मोठा कचरा राहतो आणि सगळ्यात बारीक, म्हणजे छातीत जाणारी धूळ, मागच्या जाळीतून कारंजासारखी खोलीत पसरते. घर साफ केल्यावर तासाभराने मुलाला शिंका येतात, त्या याच.

पण फिल्टर जी हवा त्याच्यातून जाते तीच गाळतो. हवा मोठी आळशी असते. फिल्टरच्या घड्यांमधून जाण्यापेक्षा कडेच्या फटीतून जाणं तिला सोपं. फिल्टर आणि त्याच्या चौकटीमध्ये, झाकण आणि डब्यामध्ये, पिशवीच्या पुठ्ठ्याच्या गळ्यामध्ये जर रबराची पट्टी नीट बसलेली नसेल, तर तुमचा महागडा हेपा नुसता शोभेचा. मी ‘हेपा’ लिहिलेली अशी मशीनं उघडली आहेत ज्यांत फिल्टर धुळीने करडा झाला होता आणि फिल्टरच्या मागची भिंतही तितकीच करडी. फिल्टरच्या मागे धूळ असायचं काही कारणच नाही. ती कडेने गेलेली.

यांत सगळ्यात लक्षात राहिलेलं मशीन गंगापूर रोडच्या एका घरातलं. भारी किमतीचं, जेमतेम आठ महिने वापरलेलं. तक्रार काही नव्हती, फक्त ‘चालवल्यावर जळका वास येतो’. उघडून पाहिलं तर फिल्टर धुवून परत बसवताना एका कोपऱ्यात पट्टी दुमडली गेली होती. दोन बोटं लांब आणि पोस्टकार्डाच्या जाडीची फट. तेवढ्या फटीतून आठ महिन्यांत मोटरच्या खोलीत मूठभर राखेसारखी धूळ साठली होती, ती गरम होऊन वास यायचा. पट्टी सरळ केली, मोटर ब्लोअरने साफ केली, संपलं. बाईंनी पुढच्या आठवड्यात कळवलं की सुनेच्या शिंका कमी झाल्यात. शिंकांचं मी पैज लावून सांगणार नाही, धुळीचं सांगेन.

ही पट्टी घरी तपासता येते. रात्री खोलीत अंधार करा, मशीन चालू करा, मागच्या जाळीजवळ मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि पाइपाने थोडं तांदळाचं पीठ ओढा. जाळीतून उजेडात कण नाचताना दिसले, तर गळती आहे. उदबत्तीचा धूर डब्याच्या जोडावर फिरवला तरी कळतं. धूर जिथे आत खेचला जातो तिथे फट आहे. दुकानात हे करू देणार नाहीत, पण झाकण उघडून पट्टी सलग आहे का, बोटाने दाबली की लवकन परत येते का, तेवढं बघा. कडक प्लास्टिकवर नुसतं प्लास्टिक बसत असेल तर पुढच्या मशीनकडे वळा.

सायक्लोनबद्दल माझं मत थोडं मिसळीसारखं आहे, तिखट आणि दही दोन्ही. कल्पना सुंदर आहे. घोटीला भाताच्या गिरणीवर पत्र्याचा उलटा शंकू दिसतो ना, तोच. हवा शंकूत गोल फिरते, जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात, खाली घसरतात. स्वच्छ झालेली हवा मधून वर निघते. कापड नाही, कागद नाही, म्हणून चोंदायला काही नाही. जेम्स डायसन या ब्रिटिश डिझायनरने लाकडाच्या गिरणीवरचा असा शंकू बघून तो घरगुती मशीनमध्ये आणला. त्यासाठी ५,१२७ नमुने बनवले आणि १९९३ मध्ये स्वतःच्या नावाचं मशीन बाजारात आणलं. वर्तुळ जितकं लहान, तितका कण जोरात बाहेर फेकला जातो, म्हणून चांगल्या मशीनमध्ये एका मोठ्या शंकूच्या डोक्यावर छोट्या शंकूंचं झुंबर असतं. बारीक धूळ त्या छोट्यांत पडते. स्वस्त मशीनमध्ये पारदर्शक डबा असतो, डब्यावर ‘सायक्लोन’ लिहिलेलं असतं आणि आत एक शंकू किंवा तोही नाही. सगळी बारीक धूळ पुढच्या फिल्टरवर. ते फिल्टर दर आठवड्याला धुवावं लागतं.

आणि धुतलं की वाळवावं लागतं. सावलीत चोवीस तास. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत ते दोन दिवसांतही धड वाळत नाही. लोक ओलसरच बसवतात. मग फिल्टरवर चिखल होतो, कुबट वास येतो आणि ओल मोटरमध्ये जाते. दुसरं फिल्टर जवळ ठेवा, आलटून पालटून वापरा. आणि खऱ्या हेपाचे बरेच प्रकार पाण्याने खराब होतात. त्यावर धुण्याची खूण नसेल तर धुऊ नका.

सायक्लोनचा मला खटकणारा भाग म्हणजे डबा रिकामा करणं. महिन्याभराची पकडलेली बारीक धूळ तुम्ही बादलीवर उघडता आणि ती सगळी तोंडावर येते. ॲलर्जी असलेल्या घरात मला म्हणून आजही पिशवीच बरी वाटते. तुमच्याकडची कापडाची नव्हे. आता न विणलेल्या कृत्रिम कापडाच्या अनेक पदरी पिशव्या येतात, गळ्याला स्वतःचं झाकण असलेल्या. भरली की गळा बंद करायचा आणि पिशवीसकट टाकून द्यायची. धूळ पुन्हा दिसतही नाही. या पिशव्या सहज दुर्लक्षिली गेलेली सुधारणा आहे. अडचण एकच, त्या मिळायला हव्यात. मशीन घेण्याआधी मेन रोडला किंवा ऑनलाइन त्याची पिशवी मिळते का बघा, आणि मिळत असेल तर डझनभर एकदम घ्या. मॉडेल बंद झालं की पिशवीही बंद होते. पिशवीसाठी अडलेली चांगली मशीनं माझ्या माळ्यावर चार आहेत.

वॅटबद्दल एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. युरोपने सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटच्या वरची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरची घरगुती मशीनं विकायला बंदी घातली. लोकांनी ओरड केली, आता धूळ कशी निघणार? निघाली. कंपन्यांना झक मारत पंख्याचा आकार, हवेची वाट आणि तोंडाकडचा ब्रश सुधारावा लागला. त्याआधी सगळ्यांचा सोपा मार्ग म्हणजे मोटर मोठी करणं. आपल्याकडे अजून ‘२००० वॅट’ हे कौतुकाने छापतात. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या खोलीत सहा अँपिअरच्या प्लगवर ते लावलं तर मशीन ठीक राहील, सॉकेट वितळेल. असे काळे पडलेले प्लगटॉप मी बदलून दिलेत.

तोंडाकडच्या ब्रशची सुधारणा मोठी आहे, पण आपल्या घरांसाठी उशिरा झाली. १९२६ मध्ये हूवरने गालिचा ठोकून धूळ उठवणारा फिरता रोलर आणला. पाश्चात्त्य घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असायचा, त्यांना तो वरदान. आपल्याकडे शहाबादी, कोटा, आता व्हिट्रिफाइड टाइल. कडक केसांचा रोलर टाइलवर फिरवला की साबुदाण्याचा दाणा ओढला जायच्या आधीच मागे उडून पायावर येतो. मऊ कापसासारखा जाड रोलर आल्यावर हे थांबलं. आणि केस! लांब केसांच्या घरात रोलरला वेणी पडते. केस कडेला सरकून बेअरिंगमध्ये घुसतात, बेअरिंग गरम होतं, प्लास्टिक वितळतं. शंकूच्या आकाराचा रोलर केसांना एका टोकाकडे ढकलतो आणि तिथून ते ओढले जातात; ही सुधारणा मला अगदी पटते. गादीसाठी मात्र रुंद तोंडाचा, छोट्या रोलरचा ब्रश वेगळा घ्या. मुलाची ॲलर्जी धुळीची म्हणताय, त्यात गादीतले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे बरेचदा असतात. फरशीपेक्षा गादी, उशी आणि पडदे यांच्यावर जास्त वेळ द्या.

कॉर्डलेसचं काय? मोटरमध्ये खरी क्रांती इथे झाली. जुनी कार्बन ब्रशची मोटर मिनिटाला साधारण तीस हजार फेरे घेते. नवी ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, मोटर एक लाखाच्या वर जाते; डायसनच्या २०१८च्या मॉडेलची १,२५,००० सांगितली जाते. फेरे वाढले की पंखा छोटा चालतो, पंखा छोटा म्हणजे मशीन हलकं. लिथियम-आयन बॅटरीमुळे ते वायरीशिवाय चाललं. पण हिशेब करून बघा. सात सेलची बॅटरी, २५.२ व्होल्ट, २.५ अँपिअर-तास, म्हणजे ६३ वॅट-तास. पूर्ण जोरात मोटर ५०० वॅट घेते, तर साडेसात मिनिटं. हलक्या वेगावर १०० वॅट, तर साधारण अडतीस मिनिटं. खोक्यावर लिहिलेला वेळ हा हलक्या वेगाचा असतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बाल्कनीत, उन्हात चार्जिंगला लावलं तर दोन-तीन वर्षांत बॅटरी थकते. आणि दुरुस्तीवाला म्हणून माझी तक्रार : कार्बन झिजला की मी दहा मिनिटांत बदलतो. ब्रशलेसचं कार्ड, म्हणजे तिला चालवणारं सर्किट, गेलं की कार्ड मिळत नाही, पूर्ण मोटरच घ्या म्हणतात, आणि मोटरच्या किमतीत नवं मशीन. सोय वाढली, आयुष्य मात्र दुकानदाराच्या हाती गेलं.

रोबोवर मी फार वेळ घालवणार नाही. इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट २००१ मध्ये आणि आयरोबोटचा रूम्बा २००२ मध्ये आला. पहिले आंधळ्या कोशिंबिरीसारखे फिरायचे, भिंतीवर आपटले की दिशा बदल. २०१०च्या सुमारास लेझरने खोलीचा नकाशा काढणारे आले आणि तेव्हा ते खरं यंत्र झालं. रोजची वरवरची धूळ तो चांगली उचलतो. उंबरठा दोन सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर बहुतेक रोबो बिचारे तिथेच थबकतात. जळमटं, पंखे, सोफ्याच्या फटी, गादी, यांपैकी काहीही रोबोच्या हातात नाही. मावशी येत असतील तर तो घ्यायची घाई करू नका.

लेझरचा हिरवा दिवा जमिनीलगत टाकून धूळ दाखवणारे ब्रश २०२१ पासून निघालेत. त्याला हसू नका, काम करतो. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की टाइलवर केर कसा दिसतो, तसंच. पण मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवला की तेच दिसतं आणि फुकटात दिसतं.

तर तुम्हाला माझा सल्ला : पिशवीचं, डब्यावर चाकं असलेलं वायरीचं मशीन, सगळीकडे सलग रबरी पट्टी, शेवटी खरा हेपा, गादीचा वेगळा ब्रश, वायर आत ओढणारं बटण. वॅट ९०० ते १२०० पुष्कळ झाले. रोजच्या सांडलवंडीसाठी पुढे कधीतरी छोटं कॉर्डलेस घ्या. रस्त्याचं काम चाललंय तोवर खिडक्यांच्या चौकटींवर आठवड्यातून दोनदा अरुंद तोंडाने फिरवा आणि त्या वेळी मुलाला दुसऱ्या खोलीत बसवा. चांगलं मशीनही हलवताना थोडी धूळ उठवतंच.

आणि केरसुणी टाकू नका. माझ्या आईने माझ्या पहिल्या दुकानात लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा केली होती, शेजारी दुरुस्तीला आलेली तीन मशीनं. त्यांना हळदकुंकू लावू का, असं तिने गंभीरपणे विचारलं होतं.

जुनं मशीन विकायच्या आधी एकदा दाखवायला आणा, पण पिशवी रिकामी करू नका. आतली धूळ कुठली आहे, रस्त्याची लालसर, गादीच्या कापसाची की केसांच्या गुंतवळ्याची, हे बघितलं की तुमच्या घरात नक्की काय उडतंय ते मी सांगू शकेन, आणि मग ब्रश कुठला घ्यायचा तेही.